ताईला विचारा : धीर धर म्हणजे नक्की काय करू?

पावसाळा सुरू झाला की या कॉलमच्या इनबॉक्सला एकच सूर लागतो, परीक्षा झाल्यात, पुढचं काही ठरत नाहीये आणि घरात सगळे मिळून एकच वाक्य बोलतायत. यावेळी त्यातली चार पत्रं घेतलीयेत. नावं कोणाचीच छापत नाही, गावं ठेवलीयेत.

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला राहते, ठाण्यातल्या कॉलेजमधून टीवाय बीएस्सी केलं, स्टॅटिस्टिक्स. शेवटचा पेपर होऊन महिना उलटून गेला, रिझल्टचा पत्ता नाही. एमएस्सीला दोन ठिकाणी फॉर्म भरलेत, एकीकडे मेरिट लिस्ट रिझल्टनंतरच लागणार, दुसरीकडे एन्ट्रन्स झाली पण पुढे काही कळवलेलं नाही. एका कंपनीत इंटरव्ह्यू दिला, एचआर म्हणाली कळवते, त्यानंतर चिडीचूप. ग्रुपमधल्या दोघींना कॅम्पसमधून जॉब लागले, एक तर इथेच माइंडस्पेस आयटी पार्कला जाते, आमच्या खिडकीतून तिची बिल्डिंग दिसते म्हणजे विचार करा. रात्री दोन दोन वाजेपर्यंत मी रिझल्टचं पेज रिफ्रेश करत बसते, सीट नंबर झोपेतून उठवलं तरी सांगेन, कॅप्चा चुकला तरी छातीत धडधडतं. आईने देव पाण्यात ठेवायचेच बाकी आहेत. बाबा म्हणतात धीर धर, आजी म्हणते धीर धर, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या काकूसुद्धा म्हणतात धीर धर. धीर धरायचा म्हणजे नक्की करायचं काय हे कोणीच सांगत नाही, आणि खरं सांगू का, माझ्या स्वभावातच तो नाहीये. – रिफ्रेशवाली, ऐरोली

उत्तर : अगं रिफ्रेशवाली, आधी स्वभावाला बोल लावणं थांबव. तीन वर्षं स्टॅटची प्रॅक्टिकल्स वेळेत सबमिट केलीस, सकाळच्या गर्दीत ऐरोली-ठाणे उभ्याने केलंस, तुझ्यात धीर नाही हे मी मानणार नाही. तुझ्याकडे तारीख नाहीये, एवढंच झालंय.

ठाणे स्टेशनला नऊ-दहा नंबरवर जाऊन उभी राहा आणि इंडिकेटर चालू असताना लोकांकडे बघ. वाशी, ११ मिनिटं असं दिसत असलं की कोणी वडापाव घ्यायला वळतो, कोणी बाकावर टेकून रील बघतो, एखादी बाई पिशवीतून भाजी काढून तिथेच निवडायला घेते. तेच इंडिकेटर बंद असलं की गाडी चार मिनिटांत येणार असली तरी अर्धा प्लॅटफॉर्म पिवळ्या पट्टीच्या पुढे वाकून दिघ्याच्या दिशेला बघत असतो, आणि प्रत्येकजण शेजारच्याला विचारतो, लेट आहे का हो. माणसं तीच आहेत बरं का. डेव्हिड मेस्टर म्हणून हार्वर्डला एक प्राध्यापक होते, त्यांनी १९८५ मध्ये रांगेत उभं राहणाऱ्यांच्या मनाबद्दल लिहिलं होतं, त्यातही हेच आहे, की किती वेळ लागणार ते माहीत नसलं की थांबणं लांबलचक वाटतं, का थांबवलंय ते कोणी सांगितलं नाही की त्याहून लांब वाटतं, आणि हाताला काम नसलं की मग विचारूच नका. तुझ्या बाबतीत तिन्ही एकदम झालंय.

म्हणून तुझ्या प्रत्येक वाट बघण्याला आपण एकेक इंडिकेटर लावू.

रिझल्टचं बघ. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा आहे, २०१६ चा, त्याचं कलम ८९ वाच. परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावायचा विद्यापीठाने प्रयत्न करायचा आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत लावायचाच असं त्यात लिहिलंय. तर तुझ्या कोर्सच्या शेवटच्या पेपरच्या तारखेत ४५ मिळव आणि ती तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेव. त्या तारखेच्या आधी रोज रात्री दोन वाजता पेज उघडून काहीही हाती लागणार नाही. आता तू म्हणशील कायदा आहे म्हणून निकाल लागतो का, तर नाही, नेहमी नाही लागत. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने पेपर स्क्रीनवर तपासायला घेतले तेव्हा निकाल महिनोन्महिने लांबले होते आणि बाहेर ॲडमिशन घेणाऱ्या पोरांची पार दैना झाली होती. तरी तारीख माहीत असण्याचा फायदा असा की ४६ व्या दिवशी तू कॉलेजच्या एक्झाम सेलसमोर गयावया करत उभी राहणार नाहीस, लेखी अर्ज घेऊन उभी राहशील, इनवर्डचा, म्हणजे अर्ज पोचल्याचा, शिक्का मारून घेशील आणि त्याचा फोटो काढून जिथे एमएस्सीला अर्ज केलायस त्यांना मेल करशील. बऱ्याच ठिकाणी निकाल उशिरा येणाऱ्यांना प्रोव्हिजनल प्रवेश देतात, पण विचारलं तर सांगतात, आपणहून कोणी फोन करत नाही. आणि निकाल लागला आणि नावापुढे रिझर्व्ह्ड, म्हणजे निकाल राखून ठेवलाय, असं आलं तर लगेच रडायला बसू नको, बऱ्याचदा इंटर्नलचे मार्क पोचलेले नसतात, दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेज ऑफिसला जाऊन निस्तरता येतं.

एन्ट्रन्सवाल्या डिपार्टमेंटला फोन करू नकोस, कोणी उचलत नाही, प्रत्यक्ष जा. काउंटरवरच्या माणसाला लिस्ट कधी लागणार असं विचारलंस तर तो सांगता येत नाही म्हणेल. त्याऐवजी गेल्या वर्षी कोणत्या आठवड्यात लागली होती असं विचार. हे तो सांगतो.

एचआरचं मात्र कुठल्या कलमात बसत नाही. इंटरव्ह्यूला दोन आठवडे झाले की एक छोटा मेल, त्यानंतर आठवड्याने अजून एक, आणि तरी उत्तर नाही आलं तर ती जागा गेली असं धरून चाल. उद्या त्यांनी बोलावलं तर आनंदच आहे, पण तू त्यांच्यासाठी राखीव बसायचं नाही. फ्रेशरला वाटतं मेल केला तर चिडतील, चिडत कोणी नाही, फार तर वाचत नाहीत.

आता तुझ्या स्वभावाचं बोलू. लहान मुलांसमोर एक मार्शमेलो, म्हणजे मऊ गोड गोळी, ठेवून, थांबलास तर दुसरा मिळेल असं सांगायचं, तो स्टॅनफर्डमधला जुना प्रयोग तू रीलमध्ये पाहिलाच असशील, वॉल्टर मिशेल यांचा. त्यावरून अर्ध्या जगाने समजूत करून घेतली की थांबू शकणारी मुलं वेगळ्याच मातीची असतात. पण त्याच प्रयोगाची एक पुढची गोष्ट आहे जी रीलवाले सांगत नाहीत. रोचेस्टर विद्यापीठात अभ्यासकांनी २८ मुलं घेतली, दोन गट केले, एका गटाला आधी चांगले रंग आणून देतो, स्टिकर आणून देतो असं सांगितलं आणि खरंच आणून दिले, दुसऱ्या गटाला तसंच सांगितलं आणि मग सॉरी, नाहीयेत म्हणाले. त्यानंतर मार्शमेलो ठेवला. शब्द पाळलेल्या गटातली १४ पैकी ९ मुलं पूर्ण १५ मिनिटं थांबली, शब्द मोडलेल्या गटातलं १४ पैकी फक्त १ मूल थांबलं. २०१३ मध्ये छापून आलंय हे. म्हणजे ती तेरा पोरं अधीर नव्हती गं, हुशार होती. नवी मुंबईकराला तर हे समजावून सांगायची गरजच नाही. आपल्या बेलापूर-पेंधर मेट्रोचं काम २०११ ला सुरू झालं आणि पहिली गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला, मधल्या काळात इतक्या तारखा ऐकल्या की शेवटी खरी तारीख आली तेव्हा खारघरमधल्या माझ्या नणंदेने गाडी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास ठेवला नाही. तुझाही विश्वास असाच थोडा थोडा झिजलाय, वेळापत्रक बदललं, पेपर पुढे गेले, एचआर गायब झाली. त्यामुळे तुला धीर धर म्हणणाऱ्या मंडळींना सांग, की धीर आपोआप धरला जातो, आधी दिलेले शब्द पाळले गेले तर.

मग तोपर्यंत करायचं काय. एक गंमत सांगते, म्हणजे गंमत तुला वाटणार नाही कदाचित. कॅलिफोर्नियात वकिलीची बार एक्झाम दिली की निकालाला चार महिने लागतात, त्या काळात ती मुलं कशी राहतात यावर केट स्वीनी नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अभ्यास केला, २०१६ चा आहे. कोणी विषयच टाळत होतं, कोणी जबरदस्तीने पॉझिटिव्ह राहत होतं, कोणी वाईटात वाईट काय होईल याची तयारी करत होतं, आणि यातल्या कशानेही त्या चार महिन्यांतली घालमेल फारशी कमी झाली नाही. उलट ज्यांनी जीव टांगणीला लावून दिवस काढले त्यांना पास झाल्यावर आनंद जास्त झाला आणि नापास झाल्यावर सावरायलाही त्यांनाच सोपं गेलं. मला हा अभ्यास फार आवडतो कारण त्याने एक ओझं उतरतं, की घालमेल होतेय म्हणजे आपलं काहीतरी चुकतंय असं नाही. होऊ दे घालमेल. फक्त ती रात्री दोन वाजता व्हायला नको.

त्यासाठी मिशेलच्याच पोरांकडून एक युक्ती घे, जी थांबू शकली त्यातल्या बऱ्याच जणांनी डोळे झाकून घेतले, पाठ फिरवली, गाणी म्हटली, आणि मार्शमेलो नुसता झाकून ठेवला तरी मुलं जास्त वेळ थांबायची. तू पण झाक. फोनवरचा तो बुकमार्क उडव, हिस्टरी साफ कर, सीट नंबर तुझ्या लहान भावाला किंवा वर्गातल्या एका भरवशाच्या मैत्रिणीला दे आणि सांग, तू दिवसातून एकदा बघ, लागला तर फोन कर, नाही लागला तर काही सांगू नको. तसंही निकाल लागला की पाच मिनिटांत क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनशॉट पडतो, तो तुझ्या नजरेतून सुटणं शक्य नाही. आणि मधल्या दिवसांत जी कागदपत्रं आत्ता फालतू वाटतायत ती काढून ठेव, डोमिसाईल, लागू असेल तर नॉन-क्रीमी लेअर, कास्ट व्हॅलिडिटीची स्थिती, कारण ॲडमिशन सुरू झाल्यावर सेतू केंद्रात जी गर्दी होते ती बघून भल्याभल्यांचा धीर सुटतो.

राहिली माइंडस्पेसवाली मैत्रीण. पडदा लाव. चेष्टा नाही करत, खरंच त्या खिडकीला पडदा लाव. आणि तिला एकदा भेटून विचार की कसं चाललंय, फोटोत दिसतं त्यापेक्षा वेगळं ऐकायला मिळेल. कॅम्पसचा जॉब म्हणजे सुटलो असंही नसतं, २०२२ च्या बॅचमधली कितीतरी पोरं ऑफर लेटर हातात घेऊन जॉइनिंगच्या मेलची वर्षभर आणि काही त्याहून जास्त वाट बघत होती, घरी पेढे वाटून झाले होते आणि पोरगा घरीच.

प्रश्न : नमस्कार ताई. मी कळव्याचा, एसवाय बीए, पॉलिटिकल सायन्स. राज्यसेवा द्यायची हे बारावीपासून ठरलंय. पण डिग्रीचं शेवटचं वर्ष येईपर्यंत फॉर्मसुद्धा भरता येत नाही, म्हणजे अजून नुसतं थांबायचं. मित्र म्हणतात कॉलेज नावाला ठेव आणि पुण्याला जा, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहा, क्लास लाव, इथे राहून काही होत नाही. दुसरीकडे आमच्या चाळीत एक दादा आहे, तेहतिशीला आलाय, अजून अभ्यास करतोय, त्याच्याकडे बघून पोटात गोळा येतो. मला घाई पण आहे आणि भीती पण. – अधिकारी (होणारा), कळवा

उत्तर : तुझी सही आवडली.

तुला घाई आहे ती सुरुवातीची आणि भीती आहे ती शेवटाची, दोन्हीची औषधं वेगळी आहेत. घाईचं आधी. एसवायला पुण्याला जाऊ नकोस. महिन्याचा कॉट, मेस, क्लास, टेस्ट सिरीज असा खर्च वडील उचलणार, आणि परीक्षा द्यायचा हक्क तुला आत्ता नाहीच, मग तिथे जाऊन तू इतरांची धाकधूक फुकटात घेणार. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीये, म्हणजे गोल काळे करून भागत नाही, हाताने पानंच्या पानं लिहावी लागतात. तुमच्या पिढीचा सगळा प्रॉब्लेम इथे आहे, वाचलेलं भरपूर असतं, व्हिडिओ बघितलेले त्याहून भरपूर, आणि पेन हातात धरून अर्धा तास सलग लिहायला सांगितलं की बोटं दुखतात. तुला मिळालेला मधला वेळ यासाठी आहे. रोज एक उत्तर लिही, तुझ्याच बीएच्या विषयातलं, राज्यघटना, पंचायत राज, काहीही, आणि ते कॉलेजच्या सरांना दाखव, एसवायच्या पोराने आपणहून उत्तर तपासायला आणलं तर कुठलाही प्राध्यापक खूश होतो, त्यांच्याकडे असं कोणी येत नाही.

बसायला जागा हवी असेल तर ठाण्यात कमी नाहीत. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे, आणि महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे, तिथे चौकशी कर, पुण्याची तिकिटं काढायच्या आधी हे दोन पत्ते तरी पालथे घाल. ते चिंतामणराव कोण हे तुला मुलाखतीत विचारू शकतात म्हणून सांगून ठेवते, १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पहिले आले होते आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

आता भीतीचं, आणि हे जरा कडू आहे. राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांना ४३. यूपीएससीला खुल्या गटातून ३२ पर्यंत आणि सहाच अटेम्प्ट. लोकांना वाटतं जास्त वर्षं म्हणजे जास्त संधी. मला उलटं वाटतं, दार इतकी वर्षं उघडं असलं की आत जाणाऱ्यापेक्षा उंबऱ्यावर बसून राहणारे वाढतात. पूर्व, मुख्य, मुलाखत असं एक चक्र पूर्ण व्हायला वर्ष तरी जातं, कधी जाहिरात लांबते, कधी प्रकरण कोर्टात जातं, आणि या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी म्हणता म्हणता तिशी येते. तुझ्या चाळीतल्या दादाला कोणी नावं ठेवत असेल तर तू त्यात सामील होऊ नको, तो आळशी नाहीये, त्याच्या कॅलेंडरवर शेवटची तारीख कोणी लिहिलीच नव्हती. तू ती आत्ताच लिही, विशीत असतानाच, म्हणजे अजून डोकं थंड आहे तोवर. पूर्ण तयारीनिशी दोन चक्रं की तीन, आणि वय किती, हे एका कागदावर लिहून वडिलांना दाखव आणि त्यांच्याकडेच ठेवायला दे. आयोगाने घातलेली वयोमर्यादा आयोगाच्या सोयीची आहे, तुझी वेगळी असू शकते. आणि टीवायला असताना पोटापाण्याचं एक काहीतरी शिकून ठेव, टॅली म्हण, जीएसटीचे रिटर्न म्हण, मराठी-इंग्रजी टायपिंगची सरकारी परीक्षा दिलीस तर क्लार्कच्या पदांनाही उपयोगी पडते. प्लॅन बी म्हटलं की तुम्हा पोरांना अपशकुन वाटतो, पण ज्याच्या खिशात स्वतःचे चार पैसे असतात त्याला थांबणं सोपं जातं. दरवेळी झेरॉक्सला आईकडे हात पसरावा लागला की अभ्यासातून मन उडतंच.

प्रश्न : ताई, हे पत्र मुलाचं नाही, आईचं आहे. वर्तकनगर, ठाणे. मुलगा बीएमएस झाला, एमबीएची सीईटी दिली, आता कॅप राऊंडची, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीची, वाट बघतोय म्हणतो. सकाळी अकराला उठतो, मोबाईल घेतो, रात्री तीनला झोपतो. काही बोललं की म्हणतो आई पेशन्स ठेव, प्रोसेस चालू आहे. मिस्टर चिडतात, मग मी मध्ये पडते, मग दोघं माझ्यावर चिडतात. हा संयम आहे की आळस, हे आईने कसं ओळखायचं? – एक आई

उत्तर : तुमच्या घरातला सीन डोळ्यासमोर आला, आणि तुमच्यासारख्या अजून बऱ्याच घरांत हेच चाललंय, त्यामुळे एकट्या समजू नका.

ओळखायची खूण सांगते. त्याला शांतपणे विचारा, राऊंडचं शेड्यूल काय आहे, किती पर्सेंटाईल आहे, कुठल्या कॉलेजांचे गेल्या वर्षीचे कटऑफ त्याने बघितलेत, प्रेफरन्स कसे भरणार. त्याने धडाधड उत्तरं दिली तर तो खरंच वाट बघतोय, भले अकराला उठत असेल. त्याने उडवाउडवी केली तर त्याला निकालाची भीती वाटतेय आणि प्रोसेस या शब्दामागे लपतोय. भीती वाटणाऱ्या पोराला आळशी म्हटलं की तो अजून आत जातो, म्हणून तो शब्द मिस्टरांना आवरायला सांगा. शेजारच्या अमक्याचं बघ हे वाक्यही. ते कुठल्याच घरात कधी उपयोगी पडलेलं नाही, तरी प्रत्येक घरात बोललं जातं, का ते देव जाणे.

एक ठराव करा तिघांमध्ये. पुढे काय हा प्रश्न आठवड्यातून एकदाच, रविवारी संध्याकाळी चहाला, तेव्हा त्याने मोबाईल बाजूला ठेवून सगळं नीट सांगायचं, कागद काढून. बाकी सहा दिवस त्या विषयावर कोणी चकार शब्द काढायचा नाही, जेवताना तर नाहीच. त्या बदल्यात घरातलं एक काम पूर्ण त्याच्या गळ्यात घाला. मदत कर असं म्हणू नका, काम त्याचंच असलं पाहिजे. लाईट बिल, गॅस, आजीच्या गोळ्या, सोसायटीच्या मीटिंगला बसणं, काहीही, पण चुकलं तर त्याने निस्तरायचं. बावीस वर्षांच्या मुलाला दिवसभरात एकही गोष्ट अशी नसते जी त्याच्यावाचून अडेल, मग तो अकराला का उठणार नाही हो. मी पण नसते उठले.

एकच गोष्ट मात्र अंगावर घेऊ नका. दोन आठवड्यांहून जास्त दिवस जेवण तुटलंय, झोप पार उडालीये किंवा सतत झोपूनच आहे, मित्रांचे फोन घेत नाही, आंघोळीचा कंटाळा, मी कशालाच लायक नाही अशी भाषा, यातलं काही दिसलं तर संयमाच्या गप्पा बंद आणि थेट मदत घ्यायची. टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, आणि आई म्हणून तुम्ही स्वतः फोन केलात तरी चालतो. ठाण्याच्या मेंटल हॉस्पिटलवरून विनोद ऐकत आपण सगळे लहानाचे मोठे झालो, पण तिथे साधी बाह्यरुग्ण तपासणीही होते, आणि तिथे जाऊन आलेले लोक तुमच्या-आमच्यासारखेच रिक्षा करून घरी येतात. मुलाने आपणहून काही अघोरी बोलून दाखवलं तर दोन आठवडे वगैरे मोजत बसू नका, त्याच दिवशी.

प्रश्न : ताई, थोडक्यात विचारते. नेरुळ. सीए इंटरचा पहिला ग्रुप निघाला, दुसरा अडकलाय, दोनदा. नव्या स्कीममध्ये दोन्ही ग्रुप निघाल्याशिवाय आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण, नाही. बाबा म्हणतात सोड, बँकेच्या परीक्षा दे. सोडू?

उत्तर : तू दोनदा नापास झालीस हे सांगितलंस, कितीने ते नाही सांगितलंस, आणि सगळं उत्तर त्यात आहे.

प्रत्येक पेपरला ४० टक्के आणि ग्रुपचे मिळून ५० टक्के लागतात. तुझे सगळे पेपर चाळिशीच्या वर असून एकूण ४७-४८ वर अडकत असशील तर सोडायचा प्रश्नच येत नाही, एका पेपरवर काम कर, ६० गाठलेस तर पुढच्या तीन अटेम्प्टला त्यात सूट मिळते. दोन्ही वेळेला दोन पेपर पंचविशी-तिशीत असतील तर मग अभ्यासाची पद्धत बदलायला हवी, तोच क्लास आणि त्याच नोट्स घेऊन तिसऱ्यांदा बसण्यात अर्थ नाही, आणि बाबांचं म्हणणं निदान ऐकून तरी घे. एक चांगलं झालंय, २०२४ पासून इंटर वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे, सप्टेंबर, त्यामुळे एक अटेम्प्ट गेला की सहा महिने गेले असं राहिलेलं नाही. आर्टिकलशिपही तीनाची दोन वर्षं झालीये. हे दोन बदल बाबांना माहीत नसण्याची शक्यता बरीच आहे, त्यांच्या डोक्यात त्यांच्या ऑफिसमधला कोणीतरी दहा वर्षं सीए करणारा असणार.

दोन्ही वेळच्या मार्कशीटची प्रिंट काढ, टेबलवर शेजारी शेजारी ठेव, आणि सप्टेंबरला बसायचं की जानेवारीला ते बाबांसोबत बसून ठरव. फॉर्मची शेवटची तारीख आधी बघून घे.